तुरटीचं झाड

तुरटीचं उकळतं पाणी माझ्या पायावर सांडलं, हे मला सोनलनं सांगितलं.

"ताई, पाय! अगं, पाय काढ तिथनं!"

मी खाली बघितलं. पातेल्यातनं बादलीत ओतताना धार चुकली होती आणि डाव्या अंगठ्याशेजारच्या दोन बोटांवरून वाफ निघत होती. मी पाय उचलून बाजूला ठेवला. पातेल्यात निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. म्हणजे तुरटी आणायला परत दुकानात जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

सोनलनं मला ओढत मोरीत नेलं आणि माझा पाय नळाखाली धरला. नवरी म्हणून तिला घरात कुणी साधी मेथी निवडू देत नव्हतं, आणि ती माझ्यापुढं उकिडवी बसून माझ्या बोटांवर पाणी सोडत होती.

"भाजलं नाही तुला?"

"भाजलं असेल."

"असेल म्हणजे? कळलं नाही?"

"या दोन बोटांना कळत नाही."

"कधीपासनं?"

"तिकडून आल्यापासनं."

तिनं नळ बंद केला. दीड वर्ष आम्ही दोघी एकाच खोलीत झोपत होतो.

"मला का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हणाले. तक्रार म्हणून नाही. विचारलं नव्हतं, म्हणून तसं म्हणाले.

याला आता सतरा वर्षं झाली. तेव्हा आम्ही तासगावात राहायचो. अण्णा शाळेत हेडक्लार्क होते, आई घर सांभाळायची आणि सोनलचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं. मुलगा सावळजकडचा, संग्राम. त्यांची द्राक्षाची बाग होती. स्थळ चांगलं होतं आणि मुलगा स्थळाहून चांगला होता. त्याचा फोन आला की सोनल गच्चीवर जायची आणि वाळत घातलेले कपडे ओलेच घेऊन खाली यायची.

या सगळ्यात एकच अडचण होती, ती म्हणजे मी.

लग्न करून मी कॅनडाला गेले आणि चार महिन्यांत परत आले. नवऱ्याचं तिथं आधीपासूनच दुसरीकडं होतं. लग्न त्यानं त्याच्या आईच्या हट्टापायी केलं होतं. आमचे कागद कोर्टात पडून होते. सोनलला आधी विट्याचं एक स्थळ आलं होतं. थोरली परत आलीय हे कळल्यावर ती माणसं पोहे तसेच ठेवून उठली. त्या रात्री सोनल रडली नाही, आई रडली. म्हणून संग्रामकडची माणसं आली तेव्हा आईनं कुणाला न विचारता सांगून टाकलं, "थोरलीच्या व्हिसाचं काम अडकलंय. जानेवारीत जाणार ती." अण्णा पंख्याकडं बघत बसले. मी पोहे वाढत होते, वाढत राहिले.

आणि मग आईच्या डोक्यात रुखवताचं आलं.

"सुपारीचे नवरा-नवरी झाले, डाळीचं तुळशीवृंदावन झालं," ती म्हणाली, "आता तुझं तिकडचं घर कर. बर्फातलं. झाडबिड सगळं. 'हे आमच्या प्रणिताचं कॅनडातलं घर' म्हणून मधोमध मांडू."

"कशाला?"

"डोळ्यानं बघितलं की माणसं विचारत नाहीत."

मी हो म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणायचे. नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं, आणि मला काही वाटत नव्हतं. जेवण पुढं आलं की जेवायचे, दिवा मालवला की झोपायचे.

पण काम मला येत होतं. लग्नाआधी मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आठवीच्या पोरांकडून तुरटीचे स्फटिक करून घ्यायचे. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, त्यात दोरा सोडायचा आणि भांडं हलवायचं नाही. नवी गोष्ट त्यात एवढीच की दोऱ्याच्या जागी मला झाड सोडायचं होतं.

झाडासाठी मी नाल्यापलीकडच्या बागेच्या बांधावरनं द्राक्षाच्या काड्या आणल्या. ऑक्टोबरची छाटणी होऊन गेली होती, ढीग पडलेले होते. चार वाकड्या काड्या एकत्र बांधून बुंधा केला, फांद्या पसरल्या आणि सगळ्यावर पांढरा दोरा गुंडाळला. बादलीवर लाटणं आडवं ठेवून त्याला झाड उलटं टांगलं आणि बादली देवघराच्या कोपऱ्यात ठेवली. तिला कुणी धक्का लावला की खडे बारीक पडणार, म्हणून आई दोन दिवस पूजासुद्धा लांबनं करत होती.

दुसऱ्या दिवशी झाड बाहेर काढलं तेव्हा सोनलनं तोंडावर हात ठेवला. प्रत्येक काडीवर खडे धरले होते. उजेडात धरलं की लखलखायचं. "अगं, खरंच असं दिसतं तिकडं?" तिनं विचारलं.

"असंच दिसतं," मी म्हणाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं मी चार महिने असंच एक झाड बघितलं होतं. तिकडचं दुसरं काही मला नीट आठवत नाही, ते झाड आठवतं.

फळीवर थर्माकोल चिकटवला. पुठ्ठ्याचं घर केलं, खिडकीला पिवळा जिलेटीन कागद लावला. मग घराशेजारी झाड उभं करून भोवतीनं प्लास्टर ओतलं. प्लास्टर घट्ट व्हायला पाच-सात मिनिटं लागतात, त्यात काय करायचं ते करून घ्यावं लागतं. सोनल शेजारी बसली होती.

"ताई, मी संग्रामला खरं काय ते सांगते. लग्नाआधी."

"नको."

"तो समजून घेईल."

"तो घेईल. त्याच्या घरात पंधरा माणसं आहेत. माझी शपथ आहे तुला."

"उद्या कळलंच तर? जानेवारीत तू कुठं जाणार आहेस?"

"जानेवारीला अजून वेळ आहे." हात चालू होता माझा. उदबत्तीची काडी घेऊन मी ओल्या प्लास्टरमध्ये दारापासून कडेपर्यंत पावलं उठवत होते. बारीक बारीक, एकापुढं एक. विचार करून नाही. बोलता बोलता कागदावर पेन फिरतं ना, तसं. फळीची कड आली तेव्हा पावलं संपली. तोवर प्लास्टरही घट्ट झालं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं तिचं जुनं छोटं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं आणि पायात जोडवी चढवली. माझी खरी तिकडंच राहिली होती. भाजलेल्या जागेवरची कातडी अजून हुळहुळी होती म्हणे. आईनं तोंड बारीक करून विचारलं, "दुखतंय का गं?" मी नाही म्हणाले. ते खरंच होतं.

मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा होता. कार्यालयाच्या बाजूच्या खोलीत आम्ही रुखवत मांडलं. मध्ये माझं घर, भोवतीनं लाडू, अनारसे, साखरेचे रुखवती कळस. मुलाकडच्या बायका बघायला आल्या. पुढं संग्रामची आई कलाक्का, मागं त्याची आत्या आणि आणखी पाच-सहा जणी. आई प्रत्येक वस्तू दाखवत होती. मधोमध आली तेव्हा तिचा आवाज चढला.

"आणि हे आमच्या प्रणिताचं कॅनडातलं घर. तिनंच केलंय. जानेवारीत जायची ना, आठवण येतेय तिला."

बायका वाकून बघायला लागल्या. कुणी म्हणालं, खडीसाखर लावलीय काय गं. आणि मग आत्याबाई मागं सरकल्या.

"अगं बया! वाळकं झाड? लग्नात वाळकं झाड मांडलंय?"

खोलीतला आवाज एकदम बसला. आईनं माझ्याकडं बघितलं. आमच्या चौघांच्या डोक्यात बारा दिवस हे आलंच नव्हतं. आम्ही बर्फ बघत होतो. एक पान नसलेलं, पांढरं फटक झाड आम्ही पोरीच्या रुखवतात मधोमध ठेवलं होतं.

"तसं नाही हो," आई म्हणाली, "तिकडं थंडीत..."

"वाळकं कुठलं, वन्सं?" कलाक्का म्हणाल्या. रुंद हाडाची, उन्हानं रापलेली बाई. नव्या पैठणीतसुद्धा बागेत निघाल्यासारखी उभी होती. "छाटणी झाल्यावर आपली बाग कशी दिसती? वाळली म्हणून उपटून टाकतो व्हय? आन् ही काडी बी द्राक्षाचीच हाय. पेऱ्यावरचं डोळं बघा की तिचं." त्यांनी एका फांदीजवळ बोट नेलं, पण लावलं नाही. "ग्वाड केलंयस पोरी."

आईनं सुटकेचा श्वास सोडला. पण कलाक्का वाकलेल्याच होत्या.

"ही पावलं कुणाची?"

"हिचीच की," आई हसली. "फिरायला निघाली असेल."

"जाताना दिसत्यात. येतानाची कुठं हायती?"

"बर्फ पडून बुजली असतील."

"मग जातानाची कशी ऱ्हायली?"

आई आणखी हसली. "चला, चहा गार होतोय," म्हणत तिनं सगळ्यांना दाराकडं वळवलं. बायका गेल्या. मला राखणीला तिथंच थांबायचं होतं. लहान मुलं लाडवांना हात लावतात.

कलाक्का गेल्या नाहीत. त्यांनी दार ओढून घेतलं आणि माझ्याकडं आल्या.

"पाय बघू तुझा."

"काय?"

"डावा पाय. मघाधरनं बघतीया मी. बोट निळं पडलंय की."

मी साडी वर घेतली. जोडवं बोटात रुतलं होतं आणि बोटाचं टोक जांभळं होऊन फुगलं होतं. मी ते दिवसभरात पहिल्यांदा बघत होते.

"दुखत न्हाई?"

"नाही."

त्यांनी खाली बसून त्या बोटाला नख लावलं. मग जरा जोरात लावलं. माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "आमचं मालक फौजेत हुतं," त्या म्हणाल्या. "लडाखला, बर्फात. त्यांची बी तीन बोटं अशीच. इंगळ पडला तरी कळायचं न्हाई." त्यांनी मान वळवून टेबलाकडं बघितलं. घराच्या दाराकडं, पावलांकडं, फळीच्या कडेकडं. तेवढ्यात बाहेर बँडवाल्यांनी सुरुवात केली.

"त्या दिशी पायात काय हुतं तुझ्या?"

दीड वर्षात आईनं मला विचारलं होतं, लोकांना काय सांगायचं. अण्णांनी विचारलं होतं, कागदपत्रं कुठं आहेत. वकिलानं विचारलं होतं, मारहाण झाली का. झाली नव्हती म्हटल्यावर तो जरा हिरमुसला होता. पायात काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"स्लिपर," मी म्हणाले. "रबरी. आत मोजे होते."

"किती चाललीस?"

"अर्धा तास असेल."

आणि मग मी थांबले नाही. मी भात लावला होता. तो कामावरून आला आणि बूट न काढता म्हणाला, तुझं शुक्रवारचं तिकीट काढलंय. वरच्या पट्टीत नाही, दूध आणलंय म्हणावं तसं. मी गॅस बारीक केला. कचऱ्याची पिशवी भरली होती, ती टाकायला म्हणून बाहेर पडले. पिशवी टाकली आणि मागं वळलेच नाही. पुढं चालत राहिले. कोपऱ्यावर कपडे धुण्याचं दुकान होतं, मशीनवालं. तिथं एक सरदारीण बसायची. तिनं माझे मोजे काढायला घेतले तेव्हा ते निघेनात. थंडी वाजत होती हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. शुक्रवारपर्यंत मी तिच्याकडंच राहिले. बॅग तो दुकानातच आणून देऊन गेला.

"परत त्या घरात गेलेच नाही," मी म्हणाले. "जानेवारीत कुठं जायचं नाहीये मला. व्हिसा वगैरे काही नाही. आई खोटं बोलली. पण सोनलचा काही दोष नाही यात. ती सांगणार होती, मीच तिला शपथ घातली. तिचं आधी एक स्थळ माझ्यामुळं मोडलंय."

बोलून झालं आणि मी काय केलं ते माझ्या ध्यानात आलं. पन्नास पावलांवर सोनल मुंडावळ्या बांधून बसली होती. इतके दिवस राखून ठेवलेलं सगळं मी दोन मिनिटांत सांडून टाकलं होतं. भीती वाटली. मला भीती वाटतेय, हे कळायलाही वेळ लागला, इतक्या दिवसांत तिची ओळखच राहिली नव्हती.

कलाक्का उठल्या नाहीत.

"राग आलाय मला," त्या म्हणाल्या. "घरात बसवून, पोहं पुढ्यात ठिवून तुझी आई माझ्या तोंडावर खोटं बोलली. इचारलं असतं तर म्या काय खाल्लं असतं तिला?"

"लग्न..."

"लग्नाचं काय? आठशे माणसं जेवाय बोलावल्यात. तुझा दादला नालायक निघाला म्हणून माझ्या पोराचं लगीन मोडू? यडी हाईस व्हय तू?" त्यांनी आवाज खाली आणला. "पर एक ऐक. ती जोडवी काढ. आन् गळ्यातलं बी. खोटं लेणं घालून माझ्या सुनंवर अक्षता टाकायच्या न्हाईत."

गळ्यातलं हूक काढलं की निघालं. उजव्या पायाचं जोडवंही निघालं. डाव्याचं निघेना. मी ओढलं, पिळलं, बोट आणखी काळं पडलं.

"थांब. तुझं तुला कळंना, तोडशील बोट." त्यांनी रुखवतातलं अनारशांचं ताट ओढलं, ताटाला सुटलेलं तूप बोटानं निपटलं आणि माझ्या बोटाला चोळलं. पैठणीचा पदर तुपात गेला. मांडीवर माझा पाय घेऊन त्या हळूहळू जोडवं फिरवत होत्या आणि मी भिंतीला धरून एका पायावर उभी होते. उजव्याचं निघालं ते मला कळलं होतं. डाव्याचं निघालं ते मी फक्त बघितलं. बोटाभोवती एक खोल, पांढरा वळ उरला.

तेवढ्यात दार उघडलं. आई होती. "विहीणबाई, भटजी बोलावतायत..." तिचं वाक्य तिथंच राहिलं. मुलाची आई जमिनीवर, मांडीवर माझा पाय, माझा गळा मोकळा.

"जोडवी कुठंयत?" आईनं मला विचारलं.

कलाक्कांनी तोंड उघडलं होतं. मी आधी बोलले.

"मी सांगितलं त्यांना, आई. सगळं."

आईनं चौकट धरली. मग तिची नजर माझ्या पायावर गेली, त्या काळ्या बोटावर. ती बघतच राहिली. "हे काय झालं?" ती म्हणाली. "हे कधी झालं गं?"

"चला विहीणबाई," कलाक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "तुमच्याशी मला लई भांडायचंय. पर आज न्हाई. मुहूर्त टळतुय."

त्यांनी जोडवी आईच्या तळहातावर ठेवली आणि पदराचं तूप पुसत बाहेर गेल्या. भांडण त्यांनी पुढं केलं, दिवाळसणाला, चांगलं तासभर. आई ऐकून घेत होती. शेवटी दोघींनी मिळून चहा केला.

ते झाड अजून सावळजला आहे, सोनलच्या काचेच्या कपाटात. तुरटी आता भुरकट झालीय, फांद्यांवरनं पीठ गळतं. कोर्टातले कागद त्याच वर्षी सुटले आणि जूनपासून मी पुन्हा शाळेत जायला लागले. आठवीला तुरटी आली की पोरांना सांगते, भांडं हलवू नका.

त्या दुपारी मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी मांडवात पुढं उभी होते. अंतरपाटाच्या बाजूनं सोनलनं माझ्याकडं बघितलं. आधी माझ्या गळ्याकडं, मग खाली पायाकडं, मग घाबरून सासूकडं. कलाक्कांनी तिला नुसती मान हलवली. सोनलच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि सगळ्यांना वाटलं, नवरी आहे, रडणारच. मलाही रडू आलं. मी अक्षता टाकल्या, नेमक्या तिच्या डोक्यावर पडल्या.

खाली गार फरशी होती. उजव्या पायाला सगळीकडनं गार लागलं. डाव्या पायाच्या दोन बोटांना काही कळलं नाही. अजून कळत नाही.